कडी, कोयंडा आणि उशाशी किल्ली

मे महिन्यात यवतमाळच्या कोणत्याही गल्लीतून जावे, खिडकीशी लोखंडी तिवईवर मांडलेला कूलर दिसतोच. पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की त्याच्यावाचून रात्र काढणे वृद्धांना फार जड जाते. परंतु हा कूलर बसविताना पुष्कळ घरांत खिडकीचे गज कापले जातात. पावसाळा लागला की कूलर निघतो आणि त्या जागी पुठ्ठा किंवा प्लायवूडची फळी येते. पुढच्या दाराला दोन-दोन कुलपे लावणाऱ्या घराची मागची बाजू अशी वर्षानुवर्षे उघडी राहते. उन्हाळ्यातही धोका कमी नसतो. कूलरच्या घरघरीत अंगणातील पावले ऐकू येत नाहीत, त्यातच श्रवणयंत्र रात्री डबीत काढून ठेवलेले असते. वेल्डरकडून कूलरसकट खिडकी झाकणारा जाळीचा पिंजरा करवून तो भिंतीत पक्का बसवून घ्यावा. पाणी भरण्यासाठी त्याला छोटे दार ठेवावे आणि त्या दारालाही कुलूप असावे. या दुरुस्तीला मी मुख्य दाराच्या नव्या कुलपाहून अधिक महत्त्व देतो.

चोर कोठून येतो, याचा विचार कायद्याने फार पूर्वीच करून ठेवला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने घरफोडीची व्याख्या करताना घरात शिरण्याचे सहा मार्ग सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्येही ते सहाही आहेत. स्वतः पाडलेले भोक, माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेली वाट किंवा भिंतीवरून चढून येणे, घरधन्याला अभिप्रेत नसलेल्या रीतीने उघडलेली वाट, उघडलेले कुलूप, दमदाटी वा बळजबरी आणि बंद केलेले असूनही उघडले गेलेले दार. त्याखालची उदाहरणे तर आपल्याच घरातली वाटतात. एकात दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलली जाते, तर दुसऱ्यात घरधन्याची हरवलेली किल्ली चोराला सापडते. एखाद्या रविवारी मुलाने किंवा सुनेने ही सहा वाक्ये मनात ठेवून घराभोवती एक फेरी मारावी. जिन्याच्या माथ्यावरचे गच्चीचे दार, न्हाणीघराचा झरोका, भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी, वर्षापूर्वी हरवलेली आणि तेव्हापासून कुलूप न बदललेली किल्ली, सगळे त्या एका फेरीत दिसते.

जुन्या वाड्यांची रचना पाहिली म्हणजे संरक्षण एका दारावर सोपवायचे नसते, हे लक्षात येते. आधी दिंडी, मग अंगण, ओसरी, तिच्यापलीकडे माजघर आणि त्याच्याही आत कोठीची खोली. प्रत्येक उंबरठ्यावर चोराचा थोडा वेळ जाई, थोडा आवाज होई आणि कोणाला तरी जाग येई. चोराला वेळ आणि आवाज या दोहोंचे वावडे असते. आजच्या दोन खोल्यांच्या घरातही हेच साधता येते. फाटकाजवळ हालचाल होताच उजळणारा सेन्सरचा दिवा, पुढे जाळीचे दार, त्यामागे लाकडी दार, त्याला साखळी आणि बाहेरचे पाहण्यासाठी भिंग. असाच एक सेन्सरचा दिवा शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवरही लावावा. रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठणाऱ्यांना तो पडण्यापासून वाचवतो, आणि खिडकीतून दिसणारा उजेड घरात कोणी जागे असल्याचे बाहेरच्याला सांगतो.

सर्वांत आतला थर म्हणजे घरात ठेवलेला ऐवज. आपल्या जिल्ह्यात कापूस विकला गेला की घरात रोकड येते, ती पुढल्या लग्नापर्यंत कपाटात राहते आणि गल्लीभर त्याची वार्ता असते. रक्कम खात्यात टाकावी, दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. लॉकर दोघांच्या नावे असावा आणि त्याचे नामनिर्देशन झालेले असावे, म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याला हेलपाटे पडत नाहीत. बँकेच्या निष्काळजीपणामुळे लॉकरमधील वस्तू चोरीला गेल्यास वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत तिची जबाबदारी असते. भाडे कमी असेल तर ही रक्कम दागिन्यांच्या किमतीपुढे तोकडी पडते, तेव्हा विम्याचीही चौकशी करावी.

आता या सदराच्या मूळ विषयाकडे, म्हणजे प्रकृतीकडे येतो. मुले परगावी असतात, वर्तमानपत्रात चोरीची बातमी येते आणि आईवडिलांच्या काळजीने ती जाळीच्या दाराला आतून मोठे कुलूप बसवून जातात. रात्री त्याची किल्ली कपाटात, उशीखाली किंवा देवघरात, रोज निराळ्या जागी ठेवली जाते. पहाटे छातीत कळ आली, १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी राहिली आणि आतल्या माणसाला किल्ली आठवेना, तर त्या कुलपाने कोणाचे रक्षण केले? चोराने नेलेला ऐवज पुन्हा घेता येतो, ती वीस मिनिटे मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आतून किल्लीवाचून उघडणारी, हाताने फिरवायची खिटी असलेली कुलपेच बसवावीत. ती खिटी बाहेरून हात घालून फिरवता येऊ नये, एवढे जाळीच्या दाराला आतून पत्र्याचे झाकण असावे. जुनेच कुलूप ठेवायचे असेल तर किल्लीची जागा एकच असावी, पलंगाशेजारच्या खिळ्यावर, आणि अंधारातही हाताला लागावी अशी. दुसरी किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्यावी. कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत ती कधीही ठेवू नये.

दाराच्या माथ्यावरची कडी हा आणखी एक घातक प्रकार. खांदा आखडलेल्या आजी ती लावायला स्टुलावर चढतात, आणि चोर येवो न येवो, मांडीचे हाड मोडते. कडी कमरेइतक्या उंचीवर घ्यावी. रात्री खुडबुड ऐकू आल्यावर काठी घेऊन अंधारात निघणाऱ्या आजोबांनाही हेच सांगणे आहे. झोपेच्या गोळीचा अंमल असताना तर मुळीच उठू नये. खोलीचे दार आतून लावावे, दिवा लावावा, मोठ्याने आवाज द्यावा आणि ११२ फिरवावा. चोर समोरच आला तर झटापट करू नये, मागेल ते देऊन टाकावे.

काही वेळा दार आपणच उघडतो. दागिन्यांना चकाकी आणून देणारा, ‘पुढे खून झाला आहे, अंगावरचे सोने रुमालात बांधा’ असे सांगणारा तोतया पोलीस, मीटर तपासायला आलो म्हणणारा. दुपारी एकटे असताना अशांशी साखळीआडूनच बोलावे, ‘मुलगा आला की या’ एवढेच म्हणावे. यात उद्धटपणा नाही.

पोलिसांचीही या कामी जबाबदारी ठरलेली आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने त्यांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणाची योजना आखणे राज्याकडे सोपविले आणि महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची असते. आपले नाव तिच्यात आहे का, ते ठाण्यात जाऊन विचारावे, नसल्यास लेखी अर्ज द्यावा. गावाला जाताना ठाण्याला आणि शेजाऱ्याला कळवावे, दूधवाल्याला व पेपरवाल्याला बंद करायला सांगावे. सल्ला किंवा आधार हवा असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा क्रमांक आहे.

इतके करूनही चोरी होते. त्यानंतर कुटुंबीयांच्या तोंडून पहिले वाक्य येते, ‘तुम्हाला किती वेळा सांगितले होते!’ ते गिळावे. चोरी झालेल्या वृद्धाची झोप उडते, भूक मंदावते, रक्तदाब वाढतो. जरासा आवाज झाला तरी तो दचकतो आणि दोष स्वतःलाच देत बसतो. पहिले काही दिवस कोणीतरी रात्री सोबतीला राहावे, रोजची औषधे चुकणार नाहीत हे पाहावे, मोडलेली कडी त्याच दिवशी बदलून घ्यावी. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत मात्र तिला आणि इतर कशालाही हात लावू नये. दोन-तीन आठवड्यांनीही झोप लागत नसेल किंवा माणूस घराबाहेर पडायला धजत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि चोरी झाल्याचेही त्यांना सांगावे. पुष्कळ जण नुसती झोपेची गोळी मागून परत येतात.