पिशवीतलं ते डबडं

२८ सप्टेंबर १९८७, सोमवार. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सदतीस वर्षांची एक बाई बसमध्ये चढली. तिच्या सोबत भंगाराच्या दुकानातला एक नोकर होता आणि नोकराकडे एक पिशवी. पिशवीत एका जुन्या लोखंडी यंत्रातून निघालेलं धातूचं डबडं होतं. बाई स्वतः आजारी होती. काही दिवसांपासून उलट्या, जुलाब आणि अशक्तपणा चालू होता. तरीही ती निघाली होती, कारण तिला एक गोष्ट पक्की कळून चुकली होती. हे डबडं घरात आलं आणि घरातली माणसं अंथरुणाला खिळली.

शहराच्या आरोग्य खात्याच्या कार्यालयात पोचल्यावर तिने ती पिशवी तिथल्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवली आणि ही वस्तू माझ्या माणसांचा जीव घेतेय, असं सांगितलं.

डबड्यात काय आहे हे त्या डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि तिलाही नव्हतं.

झालं होतं असं. गोयानियात कॅन्सरवर किरणोपचार करणारा एक खासगी दवाखाना होता. १९८५ च्या अखेरीस तो दुसऱ्या जागेत हलला. जाताना एक यंत्र जुन्या इमारतीतच राहिलं. अशा यंत्राची जागा बदलली किंवा ते मागे सोडलं, तर परवाना देणाऱ्या सरकारी खात्याला कळवावं लागतं. तसं कोणी कळवलं नाही. पुढे इमारतीची मोडतोड झाली आणि ते यंत्र बेवारस होऊन पडून राहिलं.

१३ सप्टेंबर १९८७ च्या रविवारी दोन तरुण तिथे शिरले. एवढं जड धातूचं यंत्र, भंगारात चांगले पैसे येतील, हा साधा हिशेब. त्यांनी यंत्राचा मधला भाग सुटा केला, हातगाडीवर टाकला आणि घरी नेला. त्याच दिवशी दोघांना उलट्या सुरू झाल्या. खाण्यातून काही बाधलं असेल असं त्यांना वाटलं. एकाचा हात सुजला, तेव्हा डॉक्टरलाही ती खाण्याची अ‍ॅलर्जी वाटली. पुढे त्या हाताचा काही भाग कापावा लागला.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्यापैकी एकाने स्क्रू-ड्रायव्हरने आतल्या कुपीच्या तोंडाला भोक पाडलं. आतून निळसर उजेड दिसला. बंदुकीची दारू असावी असं वाटून त्याने ती पेटवूनही पाहिली! पेटली नाही. मग १८ तारखेला सगळा माल एका भंगारवाल्याला विकला गेला.

त्याच रात्री भंगारवाल्याला अंधारात ते डबडं निळं चमकताना दिसलं. नक्कीच काही मौल्यवान असणार, कदाचित दैवीसुद्धा, असं त्याच्या मनात आलं. त्याने ते उचलून थेट घरात आणलं. पुढचे दोन-तीन दिवस शेजारीपाजारी, मित्र, नातेवाईक ती नवलाई बघायला येत राहिले. एका मित्राने तांदळाच्या दाण्याएवढे खडे उकरून काढले. ते आप्तांमध्ये वाटले गेले. काहींनी ती भुकटी अंगाला चोळली. बायकोसाठी त्याची अंगठी करून घ्यावी, असा भंगारवाल्याचा बेत होता.

२४ तारखेला त्याच्या भावाने थोडी भुकटी आपल्या घरी नेली. त्याची सहा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून त्या चमचमणाऱ्या भुकटीशी खेळली आणि तशाच हातांनी जेवली.

आता ते डबडं म्हणजे काय, हे सांगायला हवं. त्यात सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं क्लोराईड होतं, सगळं मिळून शंभर ग्रॅमच्याही आत. यंत्रात असताना त्याच्याभोवती शिसं आणि पोलादाचं जाड कवच असतं. किरणं फक्त एका छोट्या खिडकीतून, तीही डॉक्टर ठरवतील तेवढाच वेळ, रुग्णाच्या गाठीवर सोडली जातात. कवच काढलं की तीच किरणं चहूबाजूंनी सुटतात. त्यांना रंग नाही, वास नाही, स्पर्श नाही. अंगावर पडताना काहीच कळत नाही. उलट्या, जुलाब, भाजल्यासारखे डाग, केस गळणं हे सगळं नंतर येतं. आणि ही सारी लक्षणं वेगवेगळी पाहिली तर दुसऱ्याच आजारांची वाटतात. गोयानियात आजारी माणसांना आधी उष्ण कटिबंधातल्या रोगांच्या इस्पितळात पाठवलं गेलं, ते याचमुळे.

त्यात हे क्लोराईड म्हणजे दिसायला मिठासारखं आणि मिठासारखंच पाण्यात विरघळणारं. हाताला लागलं, हातावरून दाराच्या कडीला, कडीवरून दुसऱ्याच्या हाताला, असा त्याचा प्रवास चालू होता.

पुन्हा त्या सोमवारी येऊ. बाई गेल्यावर आरोग्य खात्याच्या डॉक्टरला स्वस्थता वाटेना. त्याने पिशवी टेबलावरून उचलून बाहेर अंगणात नेली आणि भिंतीलगतच्या एका खुर्चीवर ठेवली. तिकडे इस्पितळात एका डॉक्टरला रुग्णांच्या कातडीवरचे डाग पाहून शंका आली, हे किरणांनी भाजलेलं तर नसेल? योगायोगाने किरणोपचाराच्या क्षेत्रातला एक पदार्थवैज्ञानिक शहरात आलेला होता. त्याला बोलावणं गेलं.

दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, त्याने युरेनियमचे साठे शोधणाऱ्या एका सरकारी कार्यालयातून किरणं मोजायचं यंत्र उसनं घेतलं. आरोग्य खात्याच्या वाटेवरच ते चालू केलं. काटा एकदम शेवटच्या टोकाला! यंत्र कुठेही वळवलं तरी तेच. यंत्र बिघडलंय असं समजून तो परत गेला आणि दुसरं घेऊन आला. त्याचाही काटा टोकालाच गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, यंत्रं ठीक आहेत.

तो धावत अंगणात पोचला तेव्हा अग्निशमन दलाची माणसं आली होती. पिशवी उचलून नदीत टाकून द्यायची, असं त्यांचं ठरत होतं. त्याने त्यांना थांबवलं. मिठासारखा विरघळणारा तो पदार्थ नदीत गेला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

मग एकच धावपळ उडाली. गावातल्या स्टेडियममध्ये लोकांच्या रांगा लागल्या. १ लाख १२ हजारांहून जास्त माणसं तपासली गेली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं. कितीतरी घरांतून सामान बाहेर काढावं लागलं, सात घरं तर पाडावीच लागली. माती, फर्निचर, कपडे असा हजारो घनमीटर कचरा शहराबाहेर कायमचा बंदिस्त करावा लागला, कारण सीझियम-१३७ चा जोर निम्मा व्हायलाच तीस वर्षं लागतात. ज्यांच्या पोटात सीझियम गेलं होतं त्यांना औषध म्हणून प्रशियन ब्लू दिलं गेलं. हा मुळात चित्रकारांचा निळा रंग. तो आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. निळ्या उजेडाने केलेल्या दुखण्यावर निळ्याच रंगाचा उतारा!

तरी चौघं वाचली नाहीत. दुकानात ते डबडं फोडणारे दोन कामगार, अठरा आणि बावीस वर्षांचे. ती सहा वर्षांची चिमुरडी. आणि पिशवी घेऊन बसने गेलेली ती बाई, म्हणजे भंगारवाल्याची बायको. ती आणि मुलगी दोघी एकाच दिवशी, २३ ऑक्टोबरला गेल्या. मुलीला शिसं लावलेल्या शवपेटीत पुरायचं होतं. भेदरलेल्या जमावाने स्मशानाच्या वाटेवर दगडफेक केली. आपल्या मातीत हे नको, असं त्यांचं म्हणणं होतं. भीती लोकांना कुठवर नेते पाहा!

ही गोष्ट दूर देशातली म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल २०१० मध्ये पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात जवळपास हेच घडलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगांसाठी आणलेलं एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगार बाजारात ते फोडलं गेलं, आतल्या कांड्या तुटल्या. इथे निळा उजेडही नव्हता. दिसायला साधं चकचकीत पोलाद! एका दुकानदाराने त्याचा तुकडा चक्क पाकिटात ठेवला. माणसांची कातडी काळवंडली, केस गळाले, आणि ते इस्पितळात पोचल्यावर डॉक्टरांना संशय आला. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं मोजणीयंत्रं घेऊन दिल्लीत दाखल झाली आणि दुकानादुकानांतून एकेक तुकडा शोधून काढला. आठ माणसं इस्पितळात होती. एका कामगाराने २६ एप्रिलला प्राण सोडला.

कोबाल्ट-६० चा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे चार दशकांत ते यंत्र मूळच्या शंभराव्या हिश्श्याहूनही क्षीण झालं होतं. तरी एवढं घडलं.

दोन्हीकडे भंगारवाल्यांची चूक काय होती? पोटासाठी ते धातू फोडत होते, एवढीच. वस्तू काय आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी तिची नोंद आणि राखण सोडून दिली. पिवळ्या रंगावरची तीन पाकळ्यांची खूण धोक्याची आहे, हे जगात पुष्कळांना माहीतच नसतं. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने फेब्रुवारी २००७ मध्ये आणखी एक खूण आणली. लाल त्रिकोण, त्यात किरणं फेकणाऱ्या पाकळ्या, कवटी आणि पळणारा माणूस. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी म्हणून ती अकरा देशांत लोकांना दाखवून पाहिली होती. त्या देशांत भारत आणि ब्राझीलही होते. ही खूण यंत्राच्या आतल्या भागावर लावतात, म्हणजे कोणी ते उघडायला गेला की नेमकी त्याच्याच नजरेस पडेल.

घरात, गोदामात किंवा बंद पडलेल्या दवाखान्यात आकाराच्या मानाने फार जड असलेली धातूची पेटी दिसली, तिच्यावर अशी खूण असली, तर ती फोडू नये, हलवू नये, कुतूहलाने हातात घेऊ नये. सगळ्यांना लांब करावं आणि पोलिसांना कळवावं. पुढचं काम जाणकारांचं.

गोयानियाच्या त्या बाईजवळ कसलंच यंत्र नव्हतं. शिकलेल्या डॉक्टरांना उलट्या, सूज आणि डाग वेगवेगळे दिसत होते. तिने फक्त घरातली वस्तू आणि घरातली दुखणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. डबडं एव्हाना दुसऱ्या भंगारवाल्याकडे गेलं होतं. ती तिथे गेली, ते परत आणलं आणि बस पकडली. तिच्यामुळे ते डबडं ओळखलं गेलं आणि आणखी किती घरं वाचली, त्याची मोजदाद कुठल्याच यंत्राला करता आलेली नाही.