क्लेमच्या कागदात न मावलेलं घर

पंजाब तुटला, बंगाल तुटला. सिंध अख्खा गेला. १९४७ नंतर तिथून निघालेल्या हिंदूंना आपला म्हणावा असा अर्धा प्रांतही उरला नव्हता. कोणी मुंबईच्या बंदरात उतरून कल्याणच्या छावणीत राहिले, कोणी नागपुरात आले आणि जरीपटका, खामला इथे नव्याने संसार मांडले. फाळणी म्हटलं की मराठी वाचकाला पंजाब आठवतो. सिंध मात्र १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीत एका मराठी माणसाच्या, नारायण जगन्नाथ वैद्यांच्या, नावाची शाळा आजही आहे.

या दिवाळी अंकाची जुळवाजुळव चालू असताना जरीपटक्यातल्या एका घरी, दिवाळीच्या आवराआवरीत, माळ्यावरची ट्रंक खाली आली. पितळी लोटा, विरलेली अजरक आणि तळाशी क्लेमचे कागद. मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळावी म्हणून निर्वासितांनी १९५० च्या कायद्याखाली भरलेले हे अर्ज. दहावीतल्या नातीने इंग्रजी मजकूर भराभर वाचला: हैदराबाद सिंध, दुमजली घर, खोल्या, विहीर. सोबतच्या सिंधी चिठ्ठीपाशी ती अडली. ती अरबी वळणाची लिपी तिला येत नाही. मग चिठ्ठी डाडीने, म्हणजे आजीने, वाचली, चष्मा कपाळावर सरकवून, कागद अगदी डोळ्यांशी धरून.

‘‘डाडी, तिथे कूलर होता?’’ नागपूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार! डाडी म्हणाली, मंघ होता. हैदराबादच्या गच्च्यांवर वारा धरणारे हे उंच झरोके ओळीने उभे असत, सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला. समुद्राकडचा वारा त्यातून खालच्या खोलीत उतरायचा. दुपारी त्याखाली कोणी निजायचं यावरून भावंडांची रोज भांडणं. क्लेमच्या अर्जात भिंती आहेत, विहीर आहे. तो वारा कुठेच नाही.

लेखिका आँचल मल्होत्रा यांना दिल्लीत आजोळच्या घरी सीमेपलीकडून आलेला घडा आणि कापड मोजायचा गज दिसला, आणि मग त्या फाळणी पाहिलेल्या माणसांना अशा वस्तूंबद्दल विचारत सुटल्या. २०१७ साली त्याचं पुस्तक झालं. त्याच वर्षी अमृतसरला फाळणीचं संग्रहालय उघडलं. तिथे जरूर जावं. पण काचेआडच्या लोट्याला कूलरचा प्रश्न कोणी विचारत नाही. तो घरातच विचारावा लागतो, आणि फाळणी आठवणारं माणूस आज ऐंशीच्या पुढचं आहे.

म्हणून यंदाच्या अंकाचा मोठा भाग आम्ही विस्थापित घरांतल्या नातवंडांकडे सोपवला. जरीपटका-खामल्याची मुलं आहेत, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतलीही आहेत. अट एकच घातली: घरातल्या जुन्या वस्तूचं वर्णन मागाहून, आधी तुम्ही विचारलेला प्रश्न आणि आजी-आजोबांचं उत्तर.

जरीपटक्याच्या नातीने लेख दिला आणि लिपी शिकायला बसली. अक्षरं बावन्न. सुट्टीत निम्मी तरी उरकायचा तिचा बेत आहे. डाडीचं म्हणणं, आधी पूजेची हटडी आणायला बाजारात चल.