शिक्क्यांचा क्रम

निर्वासितांचे साहित्य शिकवताना 'परात्मता' हा शब्द आम्हां मंडळींच्या तोंडी चटकन येतो. पण आना सेगर्स यांच्या 'ट्रान्झिट' (१९४४) या कादंबरीतल्या मार्सेय शहरात माणसे अडतात ती कागदांपायी. ट्रान्झिट व्हिसासाठी आधी पुढच्या देशाचा व्हिसा हवा; एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत सरते. सप्टेंबर १९४०मध्ये वॉल्टर बेंजामिन यांच्यापाशी अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेनमधून जाण्याचाही होता. फ्रान्स सोडण्याचा परवाना तेवढा नव्हता. पोर्तबू या स्पेनच्या सीमेवरील गावी त्यांना अडवले गेले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. म्हणून रांग, शिक्का, मुदत यांना वर्गात घाईने रूपक ठरवू नये, असे आम्हांस वाटते. तसे केले की नियम करणारे सुटतात आणि दोष नियतीच्या माथी जातो.