रजोनिवृत्ती आणि ओमानचा कामगार कायदा

ओमानच्या 2023 च्या कामगार कायद्याने 98 दिवसांची प्रसूती रजा दिली आणि 25 हून अधिक स्त्रिया असलेल्या आस्थापनेत त्यांच्यासाठी विश्रांतीची जागा सक्तीची केली. जून ते ऑगस्ट दुपारी 12.30 ते 3.30 उघड्यावरचे कामही तिथे बंद असते. शरीराच्या मर्यादा कायद्याला मान्य आहेत. रजोनिवृत्तीसाठी मात्र वेगळी तरतूद नाही. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते. मस्कतमध्ये रात्रीच्या शिफ्टला उभ्या राहणाऱ्या अनेक भारतीय परिचारिका याच वयात अंगातून निघणाऱ्या वाफा, घाम आणि मोडलेली झोप सोसतात. व्हिसा नोकरीशी बांधलेला असताना वरिष्ठांपाशी हे बोलणे सोपे नाही.

सवलती दिल्या तर मालक चाळिशीतल्या बायकांना कामावर घेणारच नाहीत, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. म्हणूनच वेगळ्या रजेपेक्षा सर्वांना लागू होतील अशा सोयी मागाव्यात: शिफ्ट बदलून घेण्याची मुभा, सुती गणवेश, वैद्यकीय विम्यात या उपचारांचा समावेश. वर्षानुवर्षांच्या अनुभवाची परिचारिका गमावणे याहून महाग पडते. विश्रांतीची खोली कायद्याने आधीच दिली आहे. रुग्णालयांनी ती रात्रीही उघडी ठेवावी.