ड्रम संपला असं कोण म्हणतं?

कलर लेसर प्रिंटरच्या छोट्याशा पडद्यावर 'ड्रम बदला' असं आलं की आपण मुकाट्याने पाकीट काढतो. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते या शनिवारी जरा सविस्तर.

विषय रुक्ष वाटेल, मान्य. पण आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. ओळीने झेरॉक्सची दुकानं, सेवा केंद्रं, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात एक जुना कलर लेसर. ओळखपत्रं, पोरांचे प्रकल्प, बचत गटाच्या लोणच्याची लेबलं, वास्तुशांतीची आमंत्रणं... सगळं त्या एका खोक्यावर. ते बसलं की दुकानदाराचा दिवसही बसला. आणि चार रंगांचे चार ड्रम एकदम नवे घ्यायचे म्हटलं, तर कित्येक जुन्या मॉडेलांच्या बाबतीत आकडा नव्या प्रिंटरच्या जवळपास जातो. मग जुना जातो भंगारात. म्हणजे एका ओळीच्या मेसेजवर चांगलं चाललेलं यंत्र बाद.

माझं म्हणणं थोडक्यात असं: तो मेसेज म्हणजे अंदाज आहे, तपासणी नव्हे. ड्रमची खरी हालत छापलेल्या कागदावर लिहिलेली असते, आणि ती वाचायला शाळेतली फूटपट्टी पुरते.

आधी ड्रम म्हणजे काय ते बघू. ॲल्युमिनियमची एक नळी. तिच्यावर सेंद्रिय रसायनांचा लेप, साधारण २० ते ३० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ. अंधारात हा लेप विजेचा भार धरून ठेवतो, प्रकाश पडला की सोडतो. चार्ज रोलर (रिफिलवाल्यांच्या भाषेत पीसीआर) ड्रमला भार देतो, लेसर हवं तिथला भार उतरवतो, त्या जागी टोनर चिकटतो, तिथून पट्ट्यावर किंवा थेट कागदावर जातो, आणि उरलासुरला टोनर वायपर ब्लेड खरवडून काढतं. मूळ कल्पना चेस्टर कार्लसनची. त्याने २२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात पहिली अशी प्रत काढली. आपण ज्याला सरसकट 'झेरॉक्स' म्हणतो ते इथून आलं.

आता झीज कुठून येते? तर त्या ब्लेडच्या घासण्यातून आणि चार्ज रोलरच्या विजेच्या माऱ्यातून. म्हणजे ड्रम फिरण्याने झिजतो. कागद नुसता निमित्त! हे लक्षात आलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ड्रम काही फेऱ्या रिकामा फिरतो. एखाद्या ऑफिसात ५० पानांचं एक काम निघतं, तिथे हा फेरा एकदाच. सेवा केंद्रावर दर माणशी एक पान, म्हणजे ५० पानांना ५० वेळा. दोन्हीकडे पानं तेवढीच, ड्रमची झीज मात्र वेगळी. त्यात उघड्यावरचं दुकान, रस्त्याची धूळ, स्वस्त कागदाचा भुसा. हा भुसा ब्लेडखाली अडकला की लेपावर ओरखडा ठरलेला.

एचपीचा सीपी १०२५ हा जुना छोटा प्रिंटर घ्या. त्यात चारही रंगांना मिळून एकच ड्रम. त्याचं आयुष्य कंपनीने दिलं होतं काळ्या पानांसाठी १४,००० आणि रंगीत पानांसाठी ७,०००. ड्रम तोच, लेप तोच! रंगीत पानाला रंग एकामागून एक चढतात, ड्रमला जास्त फिरावं लागतं, म्हणून आकडा निम्मा. 'अमुक इतकी पानं' हा आकडा किती सापेक्ष आहे, ते कंपनीच इथे सांगून टाकते.

काही प्रिंटर पानं मोजतात, काही फेऱ्या मोजतात. फेऱ्या मोजणं त्यातल्या त्यात बरं. पण ओरखडा, धूळ, दमटपणा, मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. नुसते किलोमीटर बघून टायर बदलण्यासारखं आहे हे. ज्याने नगर-मनमाड रस्त्याची खड्ड्यांची वर्षं पाहिलीत, तो टायरची नक्षी बघतो, किलोमीटर नाही.

तर मग ड्रमची 'नक्षी' कशी बघायची? आम्ही प्रोग्राममधला बग शोधतो तसंच. एकेक भाग वेगळा काढत जायचं.

पहिलं काम, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशी प्रत्येक रंगाची वेगळी फिकट पट्टी छापा. बऱ्याच प्रिंटरच्या मेनूत असं चाचणीचं पान असतं. डाग एकाच रंगात असेल तर त्याच रंगाचा ड्रम किंवा कार्ट्रिज संशयित. चारही रंगांत एकाच जागी असेल तर चार ड्रम एकदम खराब झालेत असं समजू नका. पट्टा किंवा फ्यूजर बघा. (सीपी १०२५ सारखा एकच ड्रम असेल तर अर्थातच हा नियम लागू नाही.) पिवळ्यातला दोष डोळ्यांना सहज दिसत नाही. निळ्या जिलेटीन कागदातून पाहा, पिवळा काळपट दिसतो आणि दोष उघडा पडतो.

दुसरं, फूटपट्टी. डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर ते अंतर मोजा. ते त्या फिरणाऱ्या भागाच्या परिघाएवढं असतं. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परिघ सुमारे ७५ मिलिमीटर, ३० व्यासाचा सुमारे ९४. अंतर एवढं आलं तर ड्रम. ३८च्या आसपास आलं तर १२ मिलिमीटरचा चार्ज रोलर असू शकतो, आणि तो कधीकधी नुसता पुसूनही सुधारतो. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. सातवीतलं पाय गुणिले व्यास इथे कामाला येतं!

डाग पुन्हा न येता वरपासून खालपर्यंत सलग रेघ असेल तर? रंगीत रेघ बहुधा झिजलेल्या ब्लेडची किंवा ड्रमवरच्या गोल ओरखड्याची. पांढरी रेघ असेल तर आधी लेसरची काच पुसा. धुळीच्या गावात हा फुकटचा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

तिसरं, चारही ड्रम सुटे आणि एकसारखे असतील, आणि यंत्र तशी परवानगी देत असेल, तर दोन रंगांचे ड्रम आपसात बदला. डाग ड्रमबरोबर दुसऱ्या रंगात गेला तर ड्रम दोषी. जागेवरच राहिला तर ड्रम निर्दोष सुटला. हे करताना लेपाला बोट लावायचं नाही, आणि ड्रम उन्हात ठेवायचा नाही. बाहेर काढला की काळं फडकं टाका.

एवढं केल्यावर चारपैकी बहुधा एखादाच ड्रम बदलावा लागतो. चालत्या मॉडेलांचे सुटे ड्रम आणि ब्लेड पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात मिळतात, नगरला पार्सलने येतात.

आता दुसरी बाजू. कंपन्या अगदीच उगाच सांगतात असं नाही. लेप पार झिजला की भार टिकत नाही, पार्श्वभूमी मळकट होते. ब्लेड गेलं की टोनर आत सांडतो आणि पट्टासुद्धा नासवतो. म्हणजे कडेला काळे पट्टे दिसायला लागल्यावरही ताणत बसणं हा शहाणपणा नव्हे. इशारा जरूर द्यावा. माझा आक्षेप आहे तो काही यंत्रं इशाऱ्यावर न थांबता सरळ कुलूप लावतात त्याला. पान स्वच्छ निघतंय आणि चिप म्हणते छापणार नाही! इथे निकाल पानाने द्यायला हवा, चिपने नाही.

गंमत म्हणजे आमच्या धंद्यातली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ एका लेसर प्रिंटरवरच्या वैतागातूनच सुरू झाली. १९८०च्या सुमारास एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनला कागद अडकणाऱ्या झेरॉक्स प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये सुधारणा करायची होती, मूळ प्रोग्राम कोणी देईना. १९८३मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, वाहनं आहेत, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आहेत. चांगलं पाऊल. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. मग कचरा झाल्यावर त्याची काळजी करण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून त्या कुलपाची किल्ली मालकाला द्यायला काय हरकत आहे?

असो. कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर प्रिंटर नवा असतानाच चारही रंगांचं एकेक चाचणी पान काढून, मागे तारीख टाकून, प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा. दर दिवाळीला एक नवं काढून त्याशेजारी लावा. शेजारी फूटपट्टी. एवढी फाइल हाताशी असली की 'ड्रम बदला' आल्यावर कोणाला विचारायला नको, पान बघायचं आणि ठरवायचं.