अबोल्यालाही अट हवी

पहलगाममध्ये 22 एप्रिल 2025 रोजी 26 जणांचे बळी गेल्यानंतर भारताने पाकिस्तानशी असलेले उरलेसुरले व्यवहारही आवरते घेतले. अटारीचा मार्ग बंद झाला, 1960 चा सिंधू जलकरार स्थगित झाला, पाकिस्तानी जहाजांना आपल्या बंदरांत मज्जाव झाला. दहशतवाद आणि चर्चा एकाच वेळी चालणार नाहीत, ही भूमिका त्याआधीपासूनची. आता तिच्यावर शंका घेणारा एक तर भाबडा ठरतो किंवा त्याहून वाईट काही. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनच्या किनाऱ्याला मात्र कोणी भाबडे म्हणू नये. फेब्रुवारी 1993 मध्ये याच तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मारली गेली. तो माल पुढे जाऊ देणाऱ्या कस्टम व पोलीस खात्यांतील माणसांनाही न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या. शेजाऱ्याचा कावा खरा, तितकीच आपल्या नाक्यांवरची लाचखोरीही खरी. शेजाऱ्याशी बोलणे बंद केल्याने समुद्र बंद होत नाही, हे या किनाऱ्याइतके महाग कोणी शिकलेले नाही.

उपद्रवी शेजाऱ्याचे करायचे काय, हा प्रश्न इथे नवा नाही. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले, तेव्हा कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षात होते आणि आधीचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजींच्या कैदेत. बाळाजींनी फौज हाताशी असूनही बोलणी केली. किल्ले आणि सरखेलपद कान्होजींकडे ठेवून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले. आंग्रे आपलेच होते, जंजिऱ्याचा सिद्दी परका, असे कोणी म्हणेल. आणि ते बरोबरच आहे. म्हणून सिद्दीचेच उदाहरण अधिक कामाचे. बाजीरावांनी 1733 मध्ये मोहीम काढली, रायगड परत मिळाला, तह झाला, तो टिकला नाही. 1736 मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी साताला रेवसजवळ ठार केले आणि मग पुन्हा तहच झाला. जंजिरा पडला नाही तो नाहीच. 1948 मध्ये संस्थाने विलीन झाली, तेव्हा पेशव्यांचे हे मूळ गाव जंजिऱ्याच्या नवाबाच्याच संस्थानात होते. सिद्दीशी पुण्याचा स्नेह कधी जुळला नाही. पण लढाईच्या शेवटी कागदावर काय लिहून घ्यायचे, याचा विचार लढाईबरोबरच चालत असे. आजचा पाकिस्तान आंग्र्यांपेक्षा सिद्दीच्या जातकुळीचा आहे. त्याच्याशी मैत्री होईल, ही आशा सोडून दिलेली बरी. प्रश्न बंदोबस्ताचा आहे.

यावरचा आक्षेप ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, पाठोपाठ कारगिल घडले. 2015 च्या नाताळात मोदी लाहोरला उतरले, आठवड्याभरात पठाणकोटवर हल्ला झाला. 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्लाही संवाद चालू असतानाचाच. चर्चेने दहशतवाद थांबतो, असे म्हणणाऱ्याला हा इतिहास तोंड वर काढू देणार नाही. पण उरी, पुलवामा आणि पहलगाम घडले तेव्हा कोणता संवाद रंगात आला होता? दोन्ही देशांत उच्चायुक्तच नाहीत, ही स्थिती ऑगस्ट 2019 पासूनची. बोलण्याने हल्ले थांबले नाहीत, तसे अबोल्यानेही नाहीत. थोडेफार टिकले ते गाजावाजा न करता झालेले: नोव्हेंबर 2003 ची शस्त्रसंधी, किंवा फेब्रुवारी 2021 मध्ये दोन्ही लष्करांच्या कारवाई महासंचालकांनी फोनवर ठरवलेली. दुसरीमुळे ताबारेषेवरच्या गावांना चार वर्षे बऱ्यापैकी शांततेत शेती करता आली. पहलगामनंतरच्या सिंदूर मोहिमेतला गोळीबार 10 मे 2025 रोजी थांबला तोही याच फोनवर. एकटे पाडण्याचे धोरण टोकाला गेले असताना हा एक फोन चालू होता, हे आपले नशीब नव्हे. कोणीतरी शहाणपणाने तो चालू ठेवला होता.

दबाव निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पैशांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने जून 2018 मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये काढले. मधल्या काळात हाफिज सईदला तिथल्याच न्यायालयाने शिक्षा सुनावली. तो दबाव चालला, कारण काय काय करायचे याची 34 कलमे कागदावर होती आणि ती पुरी केल्यावर सुटका होती. आपल्या बहिष्काराला अशी कलमे नाहीत. पाकिस्तानने दहशतवादाला पाठिंबा देणे कायमचे आणि खात्रीलायकपणे सोडावे, ही अट योग्य आहे. पण ती पुरी झाली हे कोणत्या दिवशी, कशावरून ठरवायचे? मोजता न येणारी अट समोरच्याला मोडताही येत नाही आणि पाळताही येत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्याच हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-47 असलेली बेवारस बोट लागली, तेव्हा सारा जिल्हा हादरला. ती ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जाताना बंद पडली होती, हा खुलासा त्याच दिवशी विधानसभेत झाला. विचारपूस करायला जागा होती म्हणून उत्तर मिळाले. उद्या अशीच बोट कराचीची निघाली, तर? भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेत 2005 मध्ये हॉटलाइनचा करार झाला. तो राजकारणाच्या हवेवर सोडता कामा नये. पालघरचे मच्छीमार गुजरातच्या बोटींवर जातात आणि कराचीच्या तुरुंगात पोचतात; नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांच्यातला एक गोळीबारात गेलाही. जुलै 2025 मध्ये, सिंदूर मोहिमेनंतर दोनच महिन्यांनी, दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्यांची ठरल्याप्रमाणे देवाणघेवाण केली आणि पाकिस्तानच्या यादीत 193 मच्छीमार निघाले. याद्यांची देवाणघेवाण होऊ शकते, तर कैद्यांना भेटणारी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती 2013 पासून थांबली आहे, ती पुन्हा सुरू करायला दहशतवादाशी कोणतीही तडजोड करावी लागत नाही. दिल्लीने तेवढे तरी मागावे, आणि पाकिस्तान नाही म्हणाला तर ते जगाला दिसू द्यावे.