नात्याच्या रकान्यात न बसणारा

बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून आलेले पत्र आईवडिलांच्या हाती पडे, वाग्दत्त वधूच्या हाती पडे. भावाला ते वाचायला मिळावे यातही कोणाला नवल वाटत नसे. मित्राला ते दाखवायचे तर मात्र वेगळे कारण द्यावे लागे. जानेवारी 1944 मध्ये एबरहार्ड बेथगे यांनी हे शल्य आपल्या तुरुंगातल्या मित्राला, धर्मज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांना, लिहून कळवले. लग्नाला जग मानते, रक्ताला मानते. मैत्री कितीही जिवाभावाची असो, तिचा हक्क कोणी धरत नाही.

बॉनहोफर तेव्हा नऊ महिने कोठडीत होते. हिटलरविरोधी कटाशी त्यांचा संबंध होता आणि पुढे काय होणार याची शाश्वती नव्हती. तरी त्यांनी मित्राच्या या दुखऱ्या ओळी बाजूला सारल्या नाहीत, सविस्तर उत्तर लिहिले. विवाह, श्रम, शासन आणि मंडळी (चर्च) या देवाने घालून दिलेल्या व्यवस्था आहेत, असे ते शिकवत. मैत्री त्यात बसत नाही हे त्यांनी मान्य केले. तिची आज्ञा करता येत नाही, ती मागून मिळत नाही. ती स्वातंत्र्याच्या प्रांतातली. गव्हाच्या शेतात निळे रानफूल उगवते तशी ती या व्यवस्थांच्या सोबतीने असते, असे त्यांचे म्हणणे.

हा पत्रव्यवहार मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकी हीच जागा रिकामी दिसते. महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे, संडे स्कूल आहे, घरोघरच्या प्रार्थनासभा आहेत. ‘आपण सगळे ख्रिस्तात भाऊबहीण’ असे आपण मनापासून म्हणतो. पण उपासना संपल्यावर दारात कोणी ‘कसं काय?’ विचारले, की ‘देवाच्या कृपेनं बरं आहे’ यापुढे बोलणे जात नाही. ज्याच्यापाशी जाऊन ‘बरं नाही’ म्हणता येईल, असा एक तरी माणूस विश्वासणाऱ्याला लागतो. खुद्द प्रभूला लागला. गेथशेमानेच्या बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेले, आपला जीव किती व्याकूळ झाला आहे हे त्यांना सांगितले आणि जागे राहा म्हणून विनवले. ते झोपी गेले, हे खरे. पण देवाच्या पुत्राला सोबत मागावीशी वाटली, हे मला त्यांच्या झोपेपेक्षा महत्त्वाचे वाटते.

बॉनहोफर आणि बेथगे यांची गाठ 1935 मध्ये पडली. जर्मनीतले अधिकृत चर्च नाझी विचाराच्या आहारी जात होते. त्याला विरोध करणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’ने आपले पाळक घडवायला वेगळ्या शाळा काढल्या आणि त्यांतली एक बॉनहोफर यांच्याकडे सोपवली. शाळा लवकरच स्टेटिन शहराजवळ, आज पोलंडमध्ये असलेल्या फिंकेनवाल्डे इथे स्थिरावली. बॉनहोफर बर्लिनच्या नामांकित मानसोपचारतज्ज्ञ प्राध्यापकाचे चिरंजीव. तिथे विद्यार्थी म्हणून आलेले बेथगे खेड्यातल्या पाळकाचे.

फिंकेनवाल्डेच्या शाळेत एक नियम होता. गैरहजर बांधवाविषयी काही बोलायचे नाही. बोललेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. विद्यार्थ्यांकडून हा नियम अनेकदा मोडला जाई, पण प्रत्येक वेळी त्याची जाणीव होई. ज्या घरात पाठीमागे बोलले जात नाही, तिथेच माणूस मनातले काढून ठेवायला धजावतो. बॉनहोफर यांना पुढचे पाऊल टाकायचे होते म्हणून हा पाया आवश्यक होता. प्रोटेस्टंट असूनही त्यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांपाशी पाप कबूल करायला शिकवले. आपल्याकडेही अनेकांना हे रुचणार नाही; पापांगीकार थेट देवापाशी, मध्ये माणूस कशाला, असे आपण म्हणतो. पण एकमेकांजवळ पापे कबूल करा, असे याकोबाच्या पत्रातच सांगितले आहे. शिवाय बॉनहोफर यांचा सवाल बोचरा आहे: एकट्याने कबुली देणारा पुष्कळदा स्वतःशीच बोलतो आणि स्वतःलाच क्षमा करून मोकळा होतो, त्याचे काय? दुसरा माणूस समोर असला की ही फसवणूक चालत नाही.

आणि त्यांनी स्वतः कोणाला निवडले? बेथगे यांना. शिक्षकाने विद्यार्थ्यापाशी मन उघडले.

गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, 1937 मध्ये ती शाळा बंद पाडली. तिथल्या अनुभवावरचे बॉनहोफर यांचे पुस्तक 1939 मध्ये आले. इंग्रजीत ते ‘लाइफ टुगेदर’ नावाने वाचले जाते. आपल्या काळजातला ख्रिस्त बांधवाच्या शब्दातल्या ख्रिस्तापेक्षा दुबळा असतो, असे ते त्यात मांडतात. मन खचलेले असताना आपल्याच मनाला आधार मागण्यात अर्थ नसतो, हे ज्याने भोगले आहे त्याला याचा पुरावा नको.

5 एप्रिल 1943 रोजी बॉनहोफर यांना अटक झाली. नोव्हेंबरात एका पहारेकऱ्याच्या मदतीने सेन्सॉरला टाळून मित्राला लिहिणे त्यांना जमले. इतके महिने उपासना नाही, प्रभुभोजन नाही. तेव्हा पूर्वीसारखा माझा पाळक हो आणि माझे ऐकून घे, असे ते पहिल्याच पत्रात विनवतात. बाहेरच्यांना ते धीरगंभीर दिसत. आतली तगमग, आपण नक्की कोण हा प्रश्न, त्यांनी एका कवितेत मांडला आणि तीही बेथगे यांच्याकडेच पाठवली. एप्रिल 1944 पासून तर ते मुळालाच हात घालू लागले: आज आपल्यासाठी ख्रिस्त कोण आहे, धर्माची जुनी भाषा गळून पडली तर विश्वास कसा उरेल? इटलीत सैन्यात असलेल्या बेथगे यांनी घाबरून वचने पाठवली नाहीत. ते विचारत राहिले, मित्राला पुढे विचार करू देत राहिले.

हे अवघड आहे. ‘हल्ली प्रार्थना करवत नाही’ असे कोणी म्हणाले की आपल्याला त्याला लगेच सावरायचे असते. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून देवाची बाजू मांडू लागले आणि तिथे सगळे बिघडले.

9 एप्रिल 1945 रोजी बॉनहोफर यांना फ्लॉसेनबुर्गला फाशी दिली गेली. बेथगे यांनाही ऑक्टोबर 1944 मध्ये अटक झाली होती; तेव्हा हाताशी असलेली शेवटची पत्रे त्यांना जाळावी लागली. आधीची पत्रे बर्लिनच्या घराच्या बागेत, गॅसमास्कच्या डब्यांत पुरलेली होती, ती वाचली. 1951 मध्ये बेथगे यांनी ती छापली, 1967 मध्ये मित्राचे भले मोठे चरित्र लिहिले, आणि 2000 साली मृत्यू येईपर्यंत हेच काम केले. कायद्याने ज्याला मित्र म्हणून काही हक्क नव्हता, त्याच्यामुळे आज जग बॉनहोफर वाचते.

ही मैत्री आठवली की मला आपल्या पाळकांची काळजी वाटते. सगळ्यांची दुःखे त्यांच्याकडे येतात. मरण, आजार, नवराबायकोची भांडणे, कर्जे. दर काही वर्षांनी बदली होते, जुळलेली माणसे मागे राहतात. निरोपाला आपण शाल देतो, गौरवाची भाषणे करतो. त्यांच्या स्वतःच्या विश्वासाला ओहोटी लागली तर ते कोणाच्या घरी जाऊन बसतात? त्यांना असा एक माणूस मिळावा म्हणून काय करता येईल, हा विषय मंडळीच्या कमिटीत चर्चेला आलेला मी अजून ऐकलेला नाही. तो यावा, आणि पुढच्याच बैठकीत यावा.